बेलाबाईचा पहिला उन्हाळा

"इतके उन्हाळे गेले, या घराच्या खिडकीले कधी ताटी लागली नाही," चंपतराव भिंतीशी बोलत होते. "आता लागून राहिली. कोणासाठी, तं कुत्रीसाठी."

त्यांची बायको तुळसाबाई हातभर अंतरावर, पायाखाली बांबूची चौकट दाबून बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. ऐकू जावं म्हणूनच तर ते भिंतीला सांगणं चाललं होतं. तिनं दाभणात सुतळी ओवली, वाळ्याची एक जुडी चौकटीवर पसरली आणि भिंतीलाच उत्तर दिलं, की ताटीतून येणारा वारा माणूस कोण नि कुत्रं कोण ते विचारत बसत नाही. ज्याला नको असेल त्यानं खुशाल अंगणात खाट टाकावी. चंपतराव मात्र जागचे हलले नाहीत, कारण ताटीला अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता तरी वाळ्याचा वास घरभर सुटला होता.

उन्हाळा आला की तुळसाबाई ताट्या बांधायची. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचे बंगले, कचेऱ्या, सदरमधली बडी दुकानं, सगळ्यांच्या दारा-खिडक्यांची मापं तिच्या हाताला पाठ होती. साहेबांच्या खोलीतला गारवा तिला उंबऱ्यापर्यंत ठाऊक होता. ताटी बसवायची, गडवाभर पाणी मारून दाखवायचं, आणि गारवा आत शिरला की आपण बाहेर पडायचं. अलीकडं सदरमध्ये पत्र्याचे कूलर दिसू लागले होते, पण तुळसाबाईचं म्हणणं, तो वारा ओरडत येतो, त्याला काय वारा म्हणायचा?

स्वतःच्या खिडकीसाठी ताटी बांधायची ही तिची पहिलीच वेळ. आनंद, तिचा एकुलता एक पोरगा, जर्मनीहून परत येत होता. पाहुणा म्हणून नाही, कायमचा. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. स्कॉलरशिपवर शिकलेला, यंत्रांच्या मागे लागून समुद्रापार गेलेला आणि तिकडेच इंग्रिड नावाच्या पोरीशी लग्न केलेला हा पोरगा परत येईल, यावर इंदोरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत कोणी पैज लावली नसती. आणि येताना तो कुत्री आणणार होता. तिचं नाव बेला. बर्फाच्या मुलखातली, अंगावर मेंढरासारखे केस. मे महिन्यात ती नागपुरात टिकवायची तर एक खोली गार हवी, असं त्यानं बजावून कळवलं होतं. सुनेबद्दल अवाक्षर नव्हतं. सून येणारच, तिचं वेगळं काय कळवायचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

मग गल्लीला जो हुरूप चढला, तो लग्नघरालाही चढत नाही. चंपतराव मिलमधून निवृत्त झाल्यापासून शिडीवर चढले नव्हते. ते छपराच्या कवेलूंवर चढले आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाडजूड थर अंथरून खाली आले. शेजारच्या कांताबाईनं आपला मोठा रांजण लोटत लोटत आणून दिला, आणि वर ऐकवलं की तिच्या सासूला मरतानाही त्यातलं पाणी मिळालं नव्हतं, बेलाबाईचं नशीब थोर. 'बेलाबाई' हे नाव तिनंच पाडलं. परदेशातून येणाऱ्या बाईमाणसाला नुसतं बेला कसं म्हणायचं! तुळसाबाईनं जमीन सारवली, खिडकीत ताटी बसवली, पाणी मारलं आणि पहिल्यांदाच बाहेर न पडता आत बसून राहिली. वारा अंगावर आला. तिला हसूच आलं. एवढ्यासाठी साहेब लोक दुपारभर झोपतात होय!

स्टेशनवर निम्मी गल्ली गेली होती. झेंडूचे दोन हार होते. एक आनंदसाठी आणि दुसरा, जरा भारीतला, मोगरा घातलेला, सुनेसाठी. तो कांताबाईनं ओल्या फडक्यात जपून धरला होता. मुंबईहून येणारी मेल धापा टाकत लागली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून आधी पाणी गळताना दिसलं, मग कळलं की आनंदनं सगळा कूपे घेऊन खाली बर्फाच्या लाद्या टाकल्या होत्या. मग आनंद उतरला. वाळलेला, केस मागे हटलेले. त्याच्यामागून, चार पाय जपून टाकत, जीभ हातभर बाहेर काढलेली, पांढरी-तपकिरी, गाढवाच्या पिलाएवढी कुत्री उतरली.

सगळे दरवाज्याकडं बघत राहिले. हमालानं दोन पेट्या काढल्या. मग दरवाज्यात कोणीच उरलं नाही.

कांताबाईच्या हातात हार तसाच होता. आनंदनं तो पाहिला आणि वाकून कुत्रीच्या गळ्यातला पट्टा नीट करू लागला. तो नीटच होता. तेवढ्यात तुळसाबाईनं पुढं होऊन कांताबाईच्या हातून हार घेतला आणि बेलाच्या गळ्यात घातला. "पाहुणी आली नं बापा," ती म्हणाली. लोक हसले, टाळ्या पडल्या. बेलानं लगेच मोगरा खायला सुरुवात केली, मग तर फलाटावरचे कुलीही हसले. त्या हसण्यात जे विचारायचं होतं ते मागं पडलं, आणि एकदा मागं पडलेली गोष्ट पुन्हा पुढं आणायला कोणाचा हात उचलेना.

घरी आल्यावर आनंद कुत्रीबद्दल बोलू लागला की थांबायचा नाही. तिला पहाटे फिरवायचं आणि मग सूर्य बुडाल्यावर. रस्त्यावर आधी आपला तळहात टेकवून बघायचा. आपल्याला सोसत नसेल तर तिचे पंजे भाजतात. यावर चंपतरावांनी स्वतःच्या पायांच्या तळव्यांकडं पाहिलं. गोचीड रोज संध्याकाळी हातानं शोधून काढायचे. गल्लीतल्या कुत्र्यांपासून लांब ठेवायचं. पिसाळलेल्या कुत्र्याची सुई तिला टोचून आणली होती, तरीही. केस कापायचे नाहीत. कांताबाईचा दीर खाप्याच्या धनगराला बोलवायला निघाला होता, त्याला आनंदनं हात जोडून परत फिरवलं. तेच केस तिला उन्हापासूनही राखतात म्हणाला. कांताबाईला ते काही पटलं नाही. घोंगडी पांघरून कोणी गार होतं का, असं ती चार घरी विचारून आली.

कुत्रीबद्दल विचारलं की आनंद खुलायचा. म्हणून सगळे कुत्रीबद्दलच विचारायचे. जेवताना बेला, झोपताना बेला. तिकडं ती बर्फात लोळायची का, मांस कच्चं खायची का, तिच्याशी जर्मनमध्ये बोलायचं की मराठीत. एकदा कांताबाईनं सहज म्हणून विचारलं, की इतके लांब केस रोज विंचरायचं कोण तिकडं? आनंद म्हणाला, "मी नव्हतो विंचरत," आणि उठून ताटीवर पाणी मारायला गेला. ताटी ठिबकत होती. तुळसाबाईनं कांताबाईकडं असं पाहिलं की तिनं चहा अर्धा टाकला.

पण खरं सांगायचं तर, ते दिवस मजेचे होते. त्या एका गार खोलीत दुपारी कोण कोण येऊन बसायचं. मध्ये बेला चार पाय पसरून पडलेली, भोवती बायका गहू निवडताहेत, चंपतराव तिच्या पोटाला पाठ टेकून झोपलेले. भिंतीशी बोलणारा माणूस आता कुत्रीशी बोलायला लागला होता. आणि तुळसाबाई, जी जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या गार करत आली, तिला आता घाई नव्हती. ती दर तासाला उठून पाणी मारायची आणि मनाशी म्हणायची, कुत्री असली म्हणून काय झालं, आणली तर माझ्या पोरानंच आहे. हिला काही होता कामा नये. हिच्याकडं बघूनच तर तो हसतो.

मग नवतपा, उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. त्या दिवसांत नागपुरात कावळाही झाडाच्या बुंध्याशी बसतो. पोरं खिशात कांदा घेऊन बाहेर पडू लागली. तुळसाबाई ताटीला पुन्हा पुन्हा हात लावून बघू लागली. ताटीचा काय भरवसा, वारा पडला की ताटी म्हणजे नुसतं ओलं गवत. आनंद शाळेत होता तेव्हा त्याला उन्हाची लू लागली होती; डोळे पांढरे केले होते त्यानं. तेव्हा तिनं कांद्याचा रस तळपायाला चोळून, कांदा भरवून त्याला परत आणला होता. जे लेकराला चाललं ते या मुक्या जिवाला का नाही?

आनंदला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. त्याचं एकच, उकडलेलं मटण आणि भात; मीठ नाही, मसाला नाही. म्हणून तिनं विचारलंच नाही. तो कारखान्यात गेला की ती पाट्यावर कांदा ठेचायची, मटणाच्या पाण्यात कालवायची आणि बेलापुढं ठेवायची. बेला पहिल्या दिवशी शिंकली. मग तिला चव लागली. वाटी चाटून पुसून ठेवायची. तुळसाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायची, खा वं माय, आता सूर्याच्या बापाची हिंमत नाही.

आठवडा गेला असेल. एका सकाळी बेला फिरायला उठली नाही. उठवली तर चार पावलं गेली आणि बसली. तिची लघवी पाहून चंपतराव दारातच थबकले. कोऱ्या चहासारखी तांबडी-काळी. आनंद धावत बर्फ घेऊन आला. त्यानं ओल्या चादरी गुंडाळल्या, पंखा आणला, आणि त्याच्या तोंडून जर्मनमध्ये काहीतरी निघत होतं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. तुळसाबाईनं त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं, लू लागली होती त्या दिवशीही नाही.

रिक्षात ओलं पोतं अंथरून त्यांनी तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बैलाच्या खुराचं काम अर्धं टाकून आले. त्यांनी बेलाचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या.

"लू आहे ना?" आनंद म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, अंग तर तापलेलं नाही. काय खाल्लं हिनं? आनंदनं सांगितलं, भात आणि उकडलेलं मटण, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आनंद चिडला, पाच वर्षांची झाली ती, पहिल्यापासून हेच खाते, म्हणाला. डॉक्टरांनी सलाइन लावायला सांगितलं, पण ते अजून तसेच उभे होते, काहीतरी बसत नसल्यासारखे.

आपण दिलं ते औषध, हे तुळसाबाईला अजूनही खरं वाटत होतं. पण डॉक्टर ज्या नजरेनं विचारत होते, ती नजर तिनं ओळखली. माप चुकलेली ताटी खिडकीत बसत नाही तेव्हा माणूस असाच चौकटीकडं बघत राहतो.

"कांदा देल्ला मी तिले," ती म्हणाली. "रोज. त्याच्या चोरून. ऊन लागू नये म्हणून."

आनंदनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला. आई, कांद्यानं कुत्र्याचं रक्त फुटतं, ते म्हणाले. माणसाला अमृत, त्यांना विष. तुम्ही बोलला नसता तर मी उन्हाचाच इलाज करत बसलो असतो आणि संध्याकाळी कांदा पुन्हा पोटात गेला असता. आता बंद केलात तर वाचायची आशा आहे. रक्त भरून यायला दिवस लागतील, पण जात दणकट आहे. आजचा दिवस इथंच राहू द्या.

दवाखान्याच्या मागं कडुलिंबाखाली त्यांनी बेलाला पोत्यावर निजवलं. सलाइनची बाटली आनंदनं हातात वर धरली होती. खिळ्याला लावता आली असती, पण त्यानं लावली नाही. चंपतराव गडव्यानं पोत्याच्या कडेनं थोडं थोडं पाणी सोडत होते. बेलानं एकदा डोळा उघडून तुळसाबाईकडं पाहिलं आणि तिच्या लुगड्याच्या काठावर तोंड टेकवलं, जशी काही चूक तिचीच होती.

आनंद रागावेल, ओरडेल, याची तुळसाबाई वाट पाहत होती. तो ओरडला नाही. बाटलीकडं बघत म्हणाला, "मुंबईले विमानातून उतरलो तवाच ही मेली असती तं बरं, असं एकदा वाटलं होतं मले. मग हिले पाहून दर वेळी आठवलं नसतं." आणि लगेच म्हणाला, "तसं नाही माय. मले तसं नाही म्हणायचं."

तुळसाबाईला ते सगळं कळलं. स्टेशनवरच कळलं होतं. तेव्हापासून ती ताटीवर पाणी मारत होती, मटण उकडत होती, गोचीड शोधत होती, आणि या सगळ्या धावपळीत जे विचारायचं नाही ते विचारायला तिनं स्वतःला एक क्षण मोकळा ठेवला नव्हता. गल्लीनंही नाही. सगळ्यांनी मिळून एका कुत्रीला इतकं जपलं होतं, इतकं, की तिच्याआड एक अख्खी बाई लपून गेली होती. पण आज सकाळी तिनं आपली एक लपवलेली गोष्ट बोलून दाखवली होती, आणि त्यानं कोणी मेलं नव्हतं. उलट डॉक्टरनं श्वास सोडला होता.

तिनं बेलाच्या कानामागं हात फिरवला. आनंदकडं न बघताच बोलली.

"आनंदा, इंग्रिड तुले सोडून गेली ना."

चंपतरावांचा गडवा तिरपाच राहिला, पाणी जमिनीत जिरत गेलं. कडुलिंबावरून एक पिवळं पान बेलाच्या पाठीवर पडलं आणि तिथंच राहिलं.

"हो, माय," आनंद म्हणाला. त्यानं बाटली दुसऱ्या हातात घेतली.