माणिकबाईचा फोटो

देवमन अकोल्याच्या जठारपेठेत खुशालरावांच्या हाताखाली फोटोचं काम शिकला आणि सत्तावन्न साली त्यानं अमरावतीला, राजापेठेत, स्वतःचा स्टुडिओ टाकला. त्याची बायको मैना आदल्याच वर्षी गेली होती. दिवसभर माणसं येत-जात, पण त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

खुशालरावांनी काढलेला फोटो दुरून ओळखू यायचा. एकाच खिडकीचा उजेड, अर्धा चेहरा लख्ख, अर्धा काळोखात, आणि त्या काळोखातही माणूस जिवंत. देवमनला तसं काढायचं होतं. त्यानं दिवे बंद केले, खिडकीवर पातळ धोतर ताणलं, गिऱ्हाइकांना इकडून तिकडे सरकवलं. कधी सावली राखेसारखी फिकी यायची, कधी डोळाच नाहीसा व्हायचा. गिऱ्हाइकं उरलेलं तोंड कुठं गेलं म्हणून भांडायची आणि दुसऱ्या स्टुडिओत जायची.

शेवटी त्यानं शेजारच्या माणिकबाईला खिडकीशी बसवलं. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता कॅमेरा विसरली, आणि फोटो जमला.

तो घेऊन देवमन अकोल्याला गेला. वाटभर त्याच्या मनात एकच होतं, मास्तरांनी 'जमलं' म्हणावं. खुशालराव आता बरंच विसरतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्यांनी फोटो उजेडाला धरला, कितीतरी वेळ पाहिला. चेहरा खुलला.

"हा मी कवा काढला रे? मले तर आठवूनच नाही राहिलं."

मास्तर फोटोवरून बोट फिरवत होते.

"लय वर्सं झाली, मास्तर," देवमन म्हणाला.

निघताना खुशालरावांच्या पत्नी, दुर्गाबाई, दारापर्यंत आल्या.

"तुमचं काम हाये हे, मले समजते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्याईच्यापाशीच राहू द्या."

फोटो तिथंच राहिला.

वर्षाच्या आत खुशालराव गेले. देवमन भेटायला गेला तेव्हा माणिकबाई बैठकीच्या भिंतीवर होती. आलेली मंडळी म्हणत होती, म्हातारपणीही काय हात होता माणसाचा. देवमननं मान हलवली. दुर्गाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

कार्तिकात तो कॅमेरा घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला गेला. भर दुपारी वर्धा नदीच्या वाळूत एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. ऊन माथ्यावर, आडोसा कुठंच नाही. त्यानं तिचा फोटो काढला. धुऊन हातात आला तेव्हा सगळीकडे पांढरा झगझगाट होता आणि त्यात उन्हानं बारीक झालेले तिचे डोळे. खुशालरावांनी असला फोटो जन्मात काढला नसता. चांगला की वाईट, ते देवमनला कळेना, आणि विचारावं असं माणूस उरलं नव्हतं.

त्यानं तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. येणारे-जाणारे क्षणभर थांबत, पाहत आणि पुढे जात.