आप्पांनी मान हलवली

मी एक जुनं कानाचं मशीन आहे. वयानं जुनं, कामाचं म्हणाल, तर परवापरवापर्यंत कोरं करकरीत. मित्रांनो, मग राग येणार नाही तर काय होईल?

पुण्यात नोकरी करणाऱ्या इंद्रजीतनं मला मांडवगण फराट्याला आणलं, ते त्याच्या वडिलांसाठी. पोपटराव त्यांचं नाव, पण सगळे आप्पाच म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, आतून हळूच विचारलं, "अवं, चहा ठिवू का?" आप्पा म्हणाले, "ठिव की!" ती माउली इतकी खुलली, की मला जन्माचं सार्थक वाटलं. पण दुपारी पारावर कुणीतरी बोललं, "आप्पा म्हातारं झालं आता!" झालं! मी डबीत आणि डबी कपाटात.

कस्तुराबाई पुन्हा ओरडून बोलू लागल्या. घसा बसला की गप्प होत. आणि आप्पा? ऐकू आलं नाही की खुशाल मान हलवायचे. लोकांना वाटे, काय समंजस माणूस! मी आत नुसतं धुमसत असे.

गेल्या वर्षी कस्तुराबाई आजारल्या. एकदा खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "उद्या मला नदीपल्याड केडगावला न्या. भागुबाईला एकदा डोळं भरून बघते." भागुबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या, आणि आप्पा उसाला पाणी द्यायला निघून गेले. संध्याकाळी ते परतले, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. आठवडाभरात त्या गेल्या.

दहाव्याला भागुबाई आली आणि रडत काही विचारू लागली. आप्पांनी सवयीनं मान हलवली. ती कडाडली, "मान काय हलवताय, दाजी!" ते मात्र इंद्रजीतला ऐकू गेलं. त्यानं मला काढलं, नवे सेल घातले आणि त्यांच्या कानात बसवलं.

"अक्कानं फोन केला व्हता, उद्या दाजी घिऊन येत्यात म्हणून. म्या दिसभर दारात उभी. का न्हाई आणलंत तिला?"

आप्पा म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हाई गं."

"मंग परत इचारायचं व्हतं की!"

आता आप्पा मला दिवसभर कानात ठेवतात. मला सगळं ऐकू येतं, पण त्या घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. या उशिराच्या कौतुकाचं मी काय करू?

मित्रांनो, मशीन घालायची लाज वाटते ना? नका घालू. पण ऐकू आलं नाही, तर पुन्हा विचारा. उगाच मान हलवू नका. समोरचं माणूस त्या मानेवर विश्वास ठेवून बसतं.