धुळाजीच्या पायाचं बोट

धुळाजीच्या पायाच्या बोटाची जखम दोन महिने भरत नव्हती. साखर वाढलेली. पौडच्या डॉक्टरांनी इन्शुलीन दिलं आणि बजावलं, साखर उतरली नाही तर बोट कापावं लागेल. अंगावर आलेल्या लांडग्याला काठीनं हुसकावणारा हा गडी, पण स्वतःच्या पोटात सुई टोचायची म्हटलं की तो बाटली परत ठेवून द्यायचा. बायकोला, चिमाबाईला, दिसायचं कमी, त्यामुळे तिलाही टोचता येईना. आठ दिवस बाटली तशीच पडून राहिली.

रिहे गावात म्हाताऱ्या कुशाबांच्या शेताच्या बांधावर तो शेरडं चारत होता. त्याला लंगडताना पाहून कुशाबांनी विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" कुशाबांनी सदरा वर करून पोटावरच्या सुईच्या खुणा दाखवल्या. "मी सात वर्सं टोचतोय. पयल्यांदा मला बी घाम फुटला हुता. उद्या सकाळी बाटली घिऊन घरी ये."

"कुणी हसणार न्हाई ना, आबा?"

"सूनबाई हसंल. ती मला बी हसती."

दुसऱ्या दिवसापासून दोघं ओसरीवर शेजारी बसून सुई घेऊ लागले. चार दिवस कुशाबांनी त्याचा हात धरला; पाचव्या दिवशी धुळाजीनं आपलं आपणच टोचलं. मग दोघं मिळून न्याहारी करायचे.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली, तर जखम भरलेली. "बोट वाचलं," ते म्हणाले. बाहेर येऊन धुळाजी पायरीवर टेकला आणि तिथं वाट बघत बसलेल्या चिमाबाईचा हात घेऊन बोटावर ठेवला. तिनं ते नीट चाचपलं.

"हाय की जागच्या जागी!" ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आवरेना.