बंधाऱ्याच्या शाळेत कोण जाईल?

"बंधाऱ्याच्या शाळेत? नाही हो बाई, आज पोट बिघडलंय," पलीकडचा आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

बदलीबाईंनी पुढचा नंबर लावला. शहराच्या शाळा मंडळाच्या कचेरीत, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. मंडळाच्या कुठल्याही शाळेत शिक्षक आजारी पडला, कुणाचं मूल तापलं, की उजाडता उजाडता मुख्याध्यापकांचा फोन त्यांना येई. मग घरी बसलेल्या बदली शिक्षकांना उठवायचं, चुचकारायचं, प्रसंगी हातापाया पडायचं आणि घंटेच्या आत वर्गावर उभं करायचं. अठरा वर्षं हेच चाललं होतं. त्यांचं खरं नाव कचेरीतल्यांनाही जरा आठवावंच लागे. सगळ्या शाळांची नावं त्यांच्या जिभेवर होती. पण त्यातली एकही शाळा त्यांनी आतून पाहिलेली नव्हती.

बंधाऱ्याची शाळा म्हणजे त्यांच्या डोक्याला कायमचा ताप. शहराच्या पार टोकाला, जायला दोन बस, आणि मुलं म्हणे डोकं खातात. यंदा मात्र तो ताप उतरला होता. चौथीच्या बाई लांबच्या आजारपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी घोगऱ्या आवाजाचे एक सर रोज तिकडे जायला तयार झाले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी मात्र अजून बदलीचीच.

"जवळ पडते का हो तुम्हाला?" बाईंनी एकदा न राहवून विचारलं होतं.

"छे! तास मोडतो."

"मग?"

"एक प्रश्न अर्धा राहिलाय वर्गात," सर म्हणाले होते.

कसला प्रश्न, ते विचारायच्या आत दुसरा फोन वाजला होता आणि तेव्हापासून बाईंच्या मनात ती रुखरुख होती.

आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे साहेब स्वतः जिना उतरून आले होते. नेमणुका त्यांच्याकडे असत. "बाई, त्या सरांचे तीन महिने भरत आलेत. खंड पाडा."

नियम असा होता, की बदली शिक्षक एकाच वर्गावर सलग तीन महिने राहिला तर त्याला नोकरीत कायम करावं लागे. म्हणून तीन महिने भरायच्या आत त्याला एक दिवस दुसरीकडे धाडायचं. खंड पडला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बाईंनी सरांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. पण आता त्यांच्या जागी जायला माणूस मिळेना. एकाचं पोट, दुसरीची सासू, तिसऱ्यानं तर फोनच उचलला नाही.

"मग तुम्हीच जा," साहेब वैतागून म्हणाले. "शिकवायचं नाही, नुसतं बसायचं. एक दिवस फोन दुसरं कुणीतरी घेईल."

बाईंनी पर्स उचलली. खरं सांगायचं तर, त्यांना बरंच वाटलं.

दुसऱ्या बसमधून उतरून, पुलाखालून, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या रांगेतून विचारत विचारत त्या पोचल्या. शाळा दुमजली, पिवळट, खिडक्यांना जाळ्या. मुख्याध्यापिकांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "फोनवर तुम्ही जाड वाटायच्या," त्या म्हणाल्या आणि चौथीच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

वर्गात पाऊल टाकताच चाळीस तोंडांतून एकच प्रश्न आला. "सर कुठंयत?"

"आज दुसऱ्या शाळेत गेलेत."

"का?"

"तिथं गरज होती."

"इथं नव्हती?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. तिच्या एका वेणीची रिबीन सुटलेली होती. "कुणी पाठवलं त्यांना?"

बाईंनी खडू उचलून पुन्हा ठेवला. "मी," त्या म्हणाल्या.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघू लागला. रागानं नव्हे, ही असं कसं करू शकते, असं कुतूहल होतं त्या नजरांत. फोनवर कुणी असं बघत नाही.

मधल्या सुट्टीच्या जरा आधी मुलं आपली आपणच उठली. "बाई, चला. सावली."

मैदानात एक उंच खांब होता. त्याच्या उत्तरेला फरशीवर रंगीत खडूच्या खुणा होत्या, एकीपुढे एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या. भर दुपारी खांबाच्या सावलीचं टोक जिथं येईल तिथं रोज एक खूण. पुसट झालेल्या मुलं गिरवून ठेवत.

"रोज पुढं पुढं जाते," रिबीनवाली म्हणाली. "आम्ही म्हटलं, का? सर म्हणाले, आधी बघू कुठवर जाते ते."

"सरांना माहीत नाही?"

"माहीत असेल. पण सांगत नाहीत ना!"

बाई उन्हात, चाळीस मुलांच्या घोळक्यात, सावलीच्या टोकाकडे डोळे लावून उभ्या राहिल्या. खडू त्यांच्याच हातात दिला गेला. त्या वाकल्या, तेव्हा मागून कुणीतरी बजावलं, "नीट हां. हलू नका."

संध्याकाळी ताईनं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, विचारलं, "काय गं, दमलीस?"

"ताई, दुपारची सावली पुढं पुढं का जाते?"

ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बंधाऱ्याला परतलेल्या सरांचे पुढचे तीन महिने भरत आले, तेव्हा साहेबांचा निरोप पुन्हा आला. बाईंनी सरांना कुठंही पाठवलं नाही. "दुसरं कुणी मिळालंच नाही," त्यांनी कळवलं. यात खोटंही फारसं नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस कायम होईल आणि वर्गाला हक्काचे सर मिळतील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सर कायम झाले. आणि आठवड्याच्या आत त्यांची नेमणूक गावमध्यावरच्या मोठ्या शाळेत झाली.

बाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. "साहेब, बंधाऱ्याला का नाही?"

"तिथं जागा कुठाय? त्या बाई रजेवर आहेत, गेलेल्या नाहीत. कायमचा माणूस रिकाम्या जागेवरच घालावा लागतो." साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "खंड पाडला असतात, तर वर्षभर तिथंच राहिले असते ते."

बाई कठडा धरून जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन सरांचा होता. "घरी सगळे खूश आहेत, बाई. बायको तर रडलीच."

"मला हे ठाऊक नव्हतं हो, सर. जागेचं."

"तुमचा काय दोष? मुलांना काल सांगितलं. म्हटलं, मी आता कायम झालो, म्हणून जातोय. तर एकीनं विचारलं, कायम म्हणजे काय?"

"मग?"

"म्हटलं, हाही प्रश्न अर्धाच ठेवू."

फोन ठेवून बाईंनी बदली शिक्षकांची यादी पुढं ओढली. बंधाऱ्याच्या चौथीवर आज कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. आलेले तीन नकार त्यांनी निमूट ऐकून घेतले. चौथा नंबर एका नव्या मुलीचा होता, नुकतीच नाव नोंदवून गेलेली.

"कशी आहे हो ती शाळा?" तिनं भीत भीत विचारलं.

एरवी बाई म्हणाल्या असत्या, छान आहे, जवळच आहे. "लांब आहे," त्या म्हणाल्या. "मुलं सारखी 'का' विचारतात. सगळ्याची उत्तरं आली नाहीत तरी चालेल, पण विचारू द्या. आणि आज रुसलेली असतील. तुमच्यावर नाही."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"कसं यायचं, सांगा."

टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. "दुसऱ्या बसमधून उतरलात ना," त्या सावकाश सांगू लागल्या, "की पुलाखालून सरळ चालत राहा. तिथं गाड्या दुरुस्त करणारे बसतात. त्यांना विचारायला लाजू नका..."