चिकाची वाटी

वाटीच्या काठाला एक पोचा होता आणि पोच्यात काळं साचलेलं, चिंचेने घासूनही न निघालेलं. साल १९५६, मार्गशीर्ष. अंधेरीतलं दोन खोल्यांचं घर, उत्तराला आठवा सरत आलेला. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, फळीवरचा डबा खाली काढून ठेवला होता. मऊ झालेली जुनी धोतरं, बोळ्यासाठी मलमलीच्या चिंध्या, मधाची बाटली, आणि ही वाटी. मागच्या वेळचीच... तिने ती लगेच ओळखली.

मागच्या वेळी पहिले तीन दिवस माई हीच वाटी तिच्या छातीशी धरून बसत. "पीळ. पिवळं सगळं जाऊ दे, बाधतं बाळाला." ती पिळायची, माई वाटी मोरीत उपडी करायच्या, आणि हातभर अंतरावर बाळ मधाचा बोळा चोखत रडायचं, मग नुसतंच चोखायचं, मग तेही नाही... चौथ्या दिवशी पांढरं दूध आलं तेव्हा ते ओढायचा जोर त्याच्यात उरला नव्हता. सातव्या दिवशी ते गेलं. "हिचं दूध लागलं नाही त्याला," माईंनी शेजारी सांगितलं. माझं दूध! जे त्याला दिलंच नाही, ते लागलं नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या सुगंधाबाई नर्स म्हणाल्या होत्या, "बोंडांना खोबरेल लावत जा. आणि चीक टाकायचा नाही हं, पहिल्या तासातच बाळाला अंगाशी लाव."

"मागच्या वेळी टाकला होता," उत्तरा म्हणाली.

त्यावर नर्सबाई कागदावर उगीच काहीतरी लिहीत राहिल्या. त्या लिहिण्यानेच उत्तराला सगळं सांगून टाकलं.

सकाळी अनंत बुटांच्या नाड्या बांधत असताना ती म्हणाली होती, "अहो, या वेळी ती वाटी नको."

"कुठली वाटी?" तो म्हणाला. "बायकांचं ते मला काय कळतंय? माईला विचार ना, तिने चौघांना वाढवलंय." आणि गेला ऑफिसात. कुठली वाटी... मुलगा त्याचाही होता ना?

दुपारी माईंनी हाक मारली. "ये गं, गरम आहे तोवर खा. तबेल्यातली म्हैस व्याली, भय्या चीक देऊन गेला. अंगात ताकद येते."

ताटलीत खरवसाच्या वड्या, वर जायफळ. पिवळ्या. तिने एक उचलली.

"हा बाधत नाही, माई?"

"हा कशाला बाधेल? इतकं चांगलं."

"मग माझा का बाधतो?"

माईंची सुरी वड्यांमध्ये थांबली. वर न बघताच त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनेही हीच वाटी धरली होती. अनंताच्या आधी दोन गेले माझे. मी विचारलं का कुणाला?" आणि पुढची रेघ सरळ कापली.

राग जिच्यावर उभा होता ती जमीनच म्हातारीने काढून घेतली... आणि राग तर तसूभरही कमी झाला नाही. आता तो ठेवायचा कुठे? तिने वडी तोंडात टाकली. गोड होती. तिला भूक होती, त्याचाही तिला राग आला.

ती उत्तरा म्हणजे मीच. शुभा पौषात झाली. माईंनी वाटी आणली नाही, मी विषय काढला नाही. पहिल्या तासात पोर ओढायला लागली तेव्हा माई भिंतीकडे तोंड करून धोतरं फाडत होत्या. शुभा आता स्वतः आजी आहे, मुलुंडला असते. सुगंधाबाई चेंबूरकडे बदलून गेल्या, पुढे पत्ता लागला नाही. अनंत जाऊन वीस वर्षं झाली, कुठली वाटी ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आणि माई... शेवटी त्यांना गिळता येईना, तेव्हा मलमलीचा बोळा करून मीच त्यांना दूध पाजत असे. लोक म्हणत, सून असावी तर अशी. मी मात्र एवढंच बघत बसे, की त्या तो किती जोराने ओढतात. वाटी आणायची नाही हे इतकं सोपं होतं तर, माई, आधी का नाही? हे तोंडाशी यायचं, आणि मी बोळा पुन्हा दुधात बुडवायची.