खेळातल्या नदीला भरती नाही

बसऱ्याजवळच्या अबुल खसीब गावच्या बागेत हाजी मिझहरची बरही जातीच्या खजुराची मोजकीच झाडं अजून उभी होती, आणि म्हातारा या वसंतातही त्यांच्यावर चढणार होता. त्याच्या मुलीच्या, नजातच्या, जिवाला घोर लागला होता तो याचा. डॉक्टरने बजावलं होतं की या हृदयाने घराचा जिनासुद्धा दमादमाने चढायचा. म्हाताऱ्याने ते मान डोलावून ऐकलं आणि घरी येताच चढायच्या पट्ट्याला, त्या तबलियाला, तेल लावायला बसला.

त्याचं तरी काय चुकत होतं? खजुरात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराच्या तुऱ्यातली भुकटी माणसाने वर चढून मादीच्या मोहोरात शिंपडली नाही, तर फळ म्हणून धरत नाही. ते काम महिन्याभरात उरकावं लागतं. तेवढा महिना म्हाताऱ्याला घरात कोंडता आला की वर्षभर तरी चिंता नाही, असा नजातचा हिशेब होता.

ती मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. पोरी सुट्टीत शेतीचे खेळ खेळतात हे तिने पाहिलं होतं. तिने दोन खेळ बसऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणले आणि म्हाताऱ्याला पडद्यापुढे बसवलं.

पहिला खेळ ट्रॅक्टरांचा. क्षितिजापर्यंत गहू आणि त्यातून फिरणारी घराएवढी यंत्रं.

"माणूस कुठाय यात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ट्रॅक्टरमध्ये बसलाय, याबा."

"खाली उतरत नाही?"

"उतरतो की. दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये बसायला."

"मग ही शेती नव्हे, आपल्या नाक्यावरची रहदारी आहे. आणि पाणी?"

"पाऊस पडतो."

"नुसत्या पावसावर!" म्हाताऱ्याने चहाचा पेला खाली ठेवला. "लाडाचे दिसतात अल्लाहचे. बंद कर ते."

दुसरा खेळ छोट्या गावाचा. एक झोपडी, एक गाय, हातात कुदळ आणि कडेने वाहणारी निळीशार नदी. नदी दिसली आणि म्हातारा पुढे सरकून बसला. नजातला केवढं हायसं वाटलं! त्याने नदीच्या काठापासून शेतापर्यंत कुदळीने सरळ चर खणला, त्याला फाटे काढले, बी पेरलं आणि हात झाडून मागे टेकला.

पडद्यावरचा दिवस मावळला, दुसरा उजाडला, तोही गेला.

"रोपं माना टाकतायत, याबा. झारी घ्या ना."

"थांब जरा. पाणी येऊ दे."

नजातला आधी कळेना. मग कळलं आणि गलबलून आलं. त्यांच्या नदीला, शत्त अल-अरबला, दिवसातून दोनदा भरती येते. समुद्र नदीचं गोडं पाणी मागे रेटतो, ते ओढ्यांतून चरांत, चरांतून झाडांच्या पायाशी येतं आणि ओहोटीबरोबर माघारी जातं. त्याच्या बापजाद्यांनी कधी झाडाला तांब्याभर पाणी हाताने घातलं नव्हतं. पाणी येतं म्हणजे येतंच, हे त्याच्या हाडात मुरलेलं. अलीकडे वरून नदी आटली आणि भरतीबरोबर खुद्द समुद्रच आत यायला लागला. आजूबाजूच्या बागा त्या खाऱ्या पाण्यानेच मेल्या.

"या नदीला भरती नाही, याबा."

"भरती नाही? मग हिला नदी कोण म्हणतं? गटार म्हणा."

पण कुरकुरत का होईना, त्याने झारी धरली. शाळेतून येऊन नजात बघायची, तर स्वारी पडद्यापुढे आणि भाकरी ताटात तशीच. तिने देवाचे आभार मानले. आभार मानायची घाईच केली.

एका संध्याकाळी त्याने फळझाडं लावली. सवयीने मधोमध एक नराचं म्हणून वेगळं ठेवलं. काही दिवसांनी सगळी झाडं लगडली. ते नराचंसुद्धा.

"यालाही धरली?"

"यात नर-मादी नसतं, याबा. फळ आपोआप येतं."

"कुणी न चढता?"

"कुणी न चढता!" नजात उत्साहाने म्हणाली. "किती बरं, नाही?"

म्हातारा पडद्यापासून मागे सरला. तिने काय बोलून ठेवलं ते तिला त्याच्या तोंडाकडे बघून उमगलं.

"ट्रॅक्टरवाला लावू परत?" तिने घाईने विचारलं. "दोन्हींत कुठला बरा वाटतो तुम्हाला?"

"पहिल्यात माणूस लागतच नाही. दुसऱ्यात लागतो, पण झारी धरायला. कुठलाही लाव, मला काय." तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आणि पाणी दोन्हीकडे गोड. सगळ्यात मोठी थाप ती." त्याने खुंटीवरचा तबलिया काढला. "सकाळी येतेस, की एकटा जाऊ?"

ती रडली, ओरडली, डॉक्टरचं नाव घेतलं. तो गाठी तपासत राहिला. शेवटी तिने हात टेकले.

सकाळी बागेत दोघंच. चहूकडे शेंडे झडलेले बुंधे. म्हाताऱ्याने नराचा तुरा कमरेला खोचला, पट्टा बुंध्याभोवती टाकला आणि बिस्मिल्ला म्हणून चढू लागला. दर दोन हातांवर थांबत होता, आणि त्याची धाप खाली ऐकू येत होती. नजात खाली हात पसरून उभी होती. त्याला झेलण्याएवढं बळ त्या हातांत नव्हतं, पण खाली घेववत नव्हते.

"मोहोर आहे?" तो शेंड्याशी पोचल्यावर तिने विचारलं.

"एक आहे." बऱ्याच वेळाने आवाज आला, "एवढासा आहे. पण आहे."

इतक्यात ओढ्यात पाणी चढू लागलं. वरून त्यालाच आधी दिसलं.

"नजात! भरती आली. चाखून सांग."

लहानपणापासून हे तिचं काम. पाणी गोडं असेल तर चराच्या तोंडचा मातीचा बांध फोडायचा, खारं असेल तर आणखी माती लिंपायची. तिने ओंजळ भरून तोंडाला लावली. जीभ पोळली. नुसता समुद्र होता तो.

तिने वर पाहिलं. म्हातारा एका पट्ट्याच्या आधाराने मागे रेलला होता, ओठ निळसर, एका हाताने तो एवढासा मोहोर धरलेला. खारं म्हणावं, तर तिथेच त्याचा धीर सुटेल. गोडं म्हणावं, तर...

"काय गं? कसं आहे?"

त्याची नजर तिच्यावर होती, तिला थुंकताही येईना. तिने घोट गिळला.

"गोड आहे, याबा."

"बघ! म्हटलं नव्हतं?" त्याचा आवाज एकदम तरणा झाला. "मग उभी काय राहिलीस? फोड बांध! येऊ दे पाणी!"

नजातने फावडं उचललं. तो वरून बघत होता आणि हसत होता. तिने बांध फोडला. पाणी चरातून सळसळत आलं, फाट्यांत शिरलं, आणि म्हातारा ज्या झाडावर होता त्याच्या मुळाशी जाऊन साचलं.