वाचून आले

सुकदेव फेगड्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं, टेबलावर ठेवलं आणि तळहाताने दोनदा सपाट केलं.

"हे तुम्हीच लिहेल हाये ना, भाऊ?"

चुडामण भारंबेंनी चष्मा वर सारला. कात्रण त्यांच्याच दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतलं होतं. 'सुट्टीची वाट' हे सदर ते तीन वर्षांपासून चालवत. दर रविवारी वेगळा प्रवासी, वेगळी वाट. नवविवाहितांना तोरणमाळ, पेन्शनरांना उनपदेवचे गरम झरे, कॉलेजातल्या मुलांना पाटणादेवीचं जंगल. गॉगल कसला घालावा, थर्मासमध्ये काय न्यावं, संध्याकाळी कोणत्या रंगाची शाल शोभेल, हेही ते झोकात सांगत. जळगावातली निम्मी हौशी मंडळी त्यांचं वाचून बॅगा भरत. स्वतः चुडामण नाशिकच्या पुढे कधी गेले नव्हते. एसटीचं वेळापत्रक, जुनं गॅझेटियर आणि कचेरीच्या भिंतीवरची कॅलेंडरं, एवढ्यावर सगळं चालायचं.

"हो, माझंच आहे. बसा ना, आबा."

आबा बसले नाहीत. मुक्ताईनगरच्या अलीकडच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती, पहाटेच्या गाडीने आले होते, आणि धोतराला अजून केळीच्या चिकाचे डाग होते.

"माही बायको इथं गेली," ते कात्रणावर बोट ठेवून म्हणाले. "अकरा दिवस झाले. आली नही."

चुडामणनी कात्रण जवळ ओढलं, पण वाचायची गरज नव्हती. दसऱ्याच्या आठवड्यात मजकूर वीस ओळींनी कमी पडला होता आणि मशीनवर पान चढायची वेळ झाली होती. समोर एका बियाणे कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं. उतारावरचा बंगला, लांब ओसरी, निळ्या फुलांचं झाड. त्यांनी तो बंगला उचलून साक्रीच्या पलीकडच्या डोंगरात ठेवला, मोरदरा असं नाव दिलं आणि लिहिलं: जिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाढलं, त्या बाईने दोन दिवस इथे एकटीने यावं. कुणी काही मागणार नाही. चहा आपणहून समोर येईल.

मोरदरा नावाचं गाव त्यांना कोणत्याही नकाशावर सापडलं नव्हतं. त्यांनी शोधलंही नव्हतं.

"आबा, तिथं..." ते म्हणाले आणि थांबले. सुकदेवांनी कात्रणाशेजारी एक पोस्टकार्ड ठेवलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी. पोचले. सुखरूप आहे. जागा लिहिली तशीच आहे. दोन दिवसांनी येते. खाली साक्रीच्या पोस्टाचा शिक्का होता.

"तिले वाचता येत नही," सुकदेव म्हणाले. "मीच वाचून दाखोलं. हसत हसत वाचलं. म्हनलं, जातीस का? तं काही बोलली नही."

अशी जागा नाही, हे वाक्य चुडामणच्या जिभेवर आलं होतं. पोस्टकार्डावरच्या शिक्क्याकडे पाहता पाहता ते मागे गेलं.

"मी येतो तुमच्यासोबत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पहाटे चुडामणच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, त्यांच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. कुठे चाललात, कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. त्या कधीच विचारत नसत, आणि ही सोय चुडामणना आवडायची.

जळगाव ते धुळे, धुळे ते साक्री. बसमध्ये सुकदेव खिडकीशी बसले. कपाशीची वेचणी चालली होती. बायांच्या रांगा दिसल्या की ते वळून वळून पाहत.

"चाळीस वर्सांत घर सोडून एक रात नही राहिली ती," एकदा ते म्हणाले. "मले तं तिच्या भाकरीबिगर जेवन माहीत नही."

साक्रीला बाजाराचा दिवस होता. स्टँडबाहेर उभ्या असलेल्या जीपवाल्याला चुडामणनी दबकत विचारलं, "मोरदरा म्हणून काही आहे का इकडे?" नाही म्हणेल, आणि सुटू, असं त्यांना वाटत होतं.

"बंगलावर जानं शे ना?" जीपवाल्याने तंबाखू मळता मळता विचारलं. "बसा. आजकाल बठ्ठा तठेच जातस."

सगळे तिथेच जातात, हे ऐकून चुडामणचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. सुकदेव आधीच आत जाऊन बसले होते.

रस्ता संपला तिथे जीप थांबली. पुढे पायवाट होती. चढ संपल्यावर निळ्या फुलांचं झाड दिसलं. मार्गशीर्ष सुरू होता, तरी ते पानापानातून फुललेलं होतं. मागे लांब ओसरी. वाऱ्याची झुळूक होती, पण एकही पाखरू बोलत नव्हतं. चुडामणना आठवलं, पाखरांबद्दल आपण काही लिहिलं नव्हतं.

ओसरीवर वेताच्या खुर्चीत सुकदेवांची बायको, भिकुबाई, बसल्या होत्या. पाय लांब सोडलेले, पदर खांद्यावर सैल. समोर वाफाळता चहा. दरीकडे लागलेली नजर त्यांनी सावकाश वळवली.

"आले तुम्ही?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काही काम होतं का?"

"काम?" सुकदेवांचा आवाज चिरकला. "भिके, अकरा दिवस झाले! बारावा लागला आज. नातवं रडून ऱ्हायली घरी."

भिकुबाई समजूतदारपणे हसल्या, लहान मुलाशी हसावं तशा.

"काल तं आली मी. काल दुपारी. दोन दिवस म्हनून लिहेल होतं ना? उद्या येते."

सुकदेवांनी चुडामणकडे पाहिलं. चुडामणनी पायांकडे पाहिलं. मग आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ओसरीच्या पायरीवर टेकून ती गुडघ्यावर ठेवली. भिकुबाईंनी अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पण बराच वेळ प्यायले नाहीत.

"मंग उद्यालोक मी बी थांबतो," ते म्हणाले.

चुडामण बंगल्याला वळसा घालायला निघाले. स्वयंपाकघर पाहावं, चूल पाहावी, ती पाहिली की जीव थाऱ्यावर येईल, असं त्यांना वाटलं. मागच्या बाजूला नुसती पांढरी भिंत होती. दार नाही, खिडकी नाही, मोरी नाही, धुराचा डाग नाही. भिंतीपलीकडे डोंगर धुरकट होत होत कुठेतरी संपत होता. कॅलेंडरवर बंगल्याची मागची बाजू नव्हती.

ते घाईने पुढे आले. दारात एक बाई उभी होती, हातात चहाचा दुसरा कप.

"तुमले उशीर झाया," ती म्हणाली. "मी बेबाबाई. पहिले नाव लिखा."

कोनाड्यात लांब वही उघडी होती. नाव, गाव, सोबत कोण, येण्याचं कारण. चुडामणनी पेन हातात घेतलं आणि आधीची नावं वाचली. चोपडा, पारोळा, शिरपूर, भुसावळ. सगळ्या बायका. सोबत कोण या रकान्यात आडव्या रेघा. कारणाच्या रकान्यात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच: वाचून आले. वाचून आले. वाचून आले.

तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडकली. अक्षर गोल, डावीकडे किंचित कललेलं. किराणाच्या याद्यांवर ते पंचवीस वर्षं पाहत आले होते. सौ. सुनंदा चुडामण भारंबे, पिंप्राळा. सोबत कोण, रेघ. वाचून आले. तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची होती.

भाऊबीजेला सुनंदाबाई यावलला माहेरी गेल्या होत्या. आठ दिवस.

"ऱ्हाई जा ना भाऊ," बेबाबाई म्हणाली. "तुमनीबी खोली शे."

त्यांनी पेन वहीवर ठेवलं. सुकदेवांना नीट निरोपही न देता ते पायवाट उतरू लागले, मग धावू लागले. ओसरीवर जेमतेम तासभर गेला असेल. खाली जीप नव्हती. साक्रीपर्यंत एका ट्रॅक्टरने सोडलं, पुढे मिळेल त्या बसने आले. जळगावच्या स्टँडवर पेपरवाल्याकडे आपलाच अंक दिसला, म्हणून त्यांनी सवयीने तारीख वाचली. शनिवार होता.

घरी सुनंदाबाईंनी पाणी दिलं, जेवायला वाढलं. चार दिवस कुठे होतात, हे त्यांनी विचारलं नाही, आणि या खेपेला ती सोय चुडामणना बोचली. वहीतली ओळ त्यांच्या ओठांवर यायची आणि घासाबरोबर खाली जायची. पुढचे तीन रविवार सदर आलं नाही. प्रकृती बरी नाही, असं त्यांनी संपादकांना कळवलं आणि ते खोटंही नव्हतं.

संक्रांतीच्या आधी सुकदेवांचं पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत.

'आम्ही घरी आलो. मी एकच रात राहिलो, तर गावात म्हणतात पौष लागला. बागेतले घड पिकून खाली पडले, ते असो. भिकी बरी आहे. चहा आता मी करतो, तिला आवडतो. फक्त हाक मारली की जरा उशिरा ओ देते. लांबून आल्यासारखी. बाकी ठीक.'

चुडामणनी ते कार्ड कचेरीत दोनदा वाचलं आणि रिक्षा करून भर दुपारी पिंप्राळ्याला आले. या वेळी ते कधी घरी येत नसत. सुनंदाबाई अंगणात उन्हाला बसून परातीत तीळ निवडत होत्या.

चुडामण उंबऱ्यावर टेकले. चप्पल काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"सुनंदा."

परातीतली बोटं फिरत राहिली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अं?"

"भाऊबीजेला यावललाच होतीस ना?"

त्यांनी एक खडा उचलला, अंगठ्यावर पाहिला आणि बाजूला टाकला.

"एक दिवस होते यावलला."

"आणि मग?"

"तुम्ही आठ दिवसांत एक कार्ड टाकलं असतं, तर दादानं कळवलं असतं तुम्हांला."

शेजारच्या कॉलनीतून स्कूटर गेली.

"मी ती जागा मनानं लिहिली होती," चुडामण म्हणाले. "खोटी. तुला तर ठाऊक होतं, मी कुठेच जात नाही."

"ठाऊक होतं. म्हणूनच तर गेले. म्हटलं, यांच्या मनात तरी काय आहे, बघून यावं."

"काय होतं?"

सुनंदाबाईंनी प्रथमच वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी त्यांनी डोळे मिचकावले नाहीत.

"छान होतं," त्या म्हणाल्या. "फार छान होतं."

विचारू नये असं चुडामणना आतून वाटत होतं, तरी त्यांनी विचारलं.

"मग परत का आलीस?"

सुनंदाबाईंनी प्रश्न ऐकला की नाही, ते कळेना. त्यांनी परात हलवली, तीळ एका बाजूला केले, पदर खोचला. उठता उठता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या,

"आले का मी?"

आणि परात घेऊन त्या आत गेल्या.

चुडामण उंबऱ्यावरच बसून राहिले. पाठीमागे घर शांत होतं. ते कान देऊन ऐकत होते. बऱ्याच वेळाने आत भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला, मग कप मांडल्यासारखा. पण मागे वळून पाहायला त्यांची मान वळेना.